एमजीबीला वेबर ठेवावा की मूळचे दोन एसयू परत बसवावेत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा: आपण इंग्लंडमध्ये १९६७ सालची एमजीबी रोडस्टर विकत घेतली. आधीच्या मालकाने तिचे मूळचे दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रे) काढून एकच वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटर बसवला होता आणि जुने कार्ब्युरेटर एका खोक्यात आपल्याला गाडीबरोबर मिळाले. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण एक्सलरेटर दिला की गाडी छान पळते. मात्र मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या आसपास हलका पाय ठेवला की अडखळते, झटके मारते, आणि पेट्रोलही फार पिते. वेबरचीच नीट जुळणी करावी, की एसयू परत बसवावेत, आणि बसवल्यास त्यांत काय सुधारणा करता येईल, हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर स्पष्ट आहे: एसयू परत बसवावेत. मी कोल्हापुरातल्या गॅरेजमध्ये ॲम्बॅसडरवर हात बसवला आणि पुढची तीस वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करण्यात गेली. एमजीबीचे १,७९८ सीसीचे इंजिन आणि ॲम्बॅसडरचे १,४८९ सीसीचे इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातली भावंडे आहेत, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचे बॉनेट उघडले तेव्हा मला ओळखीच्या घरात शिरल्यासारखे वाटले होते. वेबर वाईट आहे असे मी म्हणणार नाही; शर्यतीच्या इंजिनावर तो उत्तम काम करतो. परंतु या इंजिनाच्या हेडची (सिलिंडरांवरच्या झाकणाची) रचना आणि आपण गाडी ज्या प्रकारे चालवता ती रीत, या दोन्ही गोष्टी त्याच्या विरोधात जातात.

बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरांसाठी हवा आत घेणारी दोनच तोंडे आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर एका तोंडातून श्वास घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या तोंडातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एकाच तोंडावरचे दोन सिलिंडर लागोपाठ हवा ओढतात, आणि मग त्या तोंडापाशी बराच वेळ शांतता असते. वेबरची एक नळी दोन सिलिंडरांना अशी धक्क्याधक्क्याने हवा देते. त्याच्या व्हेंचुरीचा (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याचा) व्यास ठरलेला असतो, त्यामुळे हवेचा वेग कमी असताना पेट्रोल मुख्य जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) येतच नाही. ते आयडल जेट आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक छिद्रांतून येते. रस्त्यावरची बहुतेक सगळी रोजची चाल याच भागात होते. जिथे ही छिद्रे संपतात आणि मुख्य जेट अजून नीट सुरू झालेला नसतो, तिथे मिश्रण क्षणभर पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि आपली गाडी नेमकी तिथेच अडखळते आहे. आयडल जेट बदलून हा दोष बराच कमी करता येतो, पण तो बदल करताना पेट्रोलचा खर्च आणखी वाढतो.

खर्चाचे दुसरे कारण बहुधा कार्ब्युरेटरच्या बाहेर सापडेल. आपल्या गाडीच्या लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला) एक व्हॅक्युम डबी असते. हलक्या एक्सलरेटरवर ती टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आणखी पुढे (लवकर) आणते, कारण सिलिंडरमध्ये मिश्रण कमी असले की ते सावकाश जळते. मूळच्या एसयूवर या डबीच्या नळीसाठी जागा आहे. वेबर बसवणारे बहुतेक लोक ती नळी काढून तिचे तोंड बंद करून टाकतात, आणि मग हलक्या चालीत इंजिन कायम उशिरा पेटत राहते. आपल्या डिस्ट्रिब्युटरची नळी कुठे गेली आहे ते आजच पाहावे.

एसयूची कल्पना याहून वेगळी आहे. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो बनवला. त्यांच्या घरचा व्यवसाय पादत्राणांचा होता आणि पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये आजच्या पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. तत्त्व तेच राहिले आहे. इंजिन जितकी हवा मागेल तितका पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट आपोआप लहानमोठी होते आणि जेटवरची ओढ जवळपास सारखी राहते. पिस्टनला खाली एक निमुळती सुई लावलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोल वाढते. मधे हात बदलणारे वेगवेगळे जेट नाहीत, म्हणून अडखळण्याची ती जागाही नाही. ९५ अश्वशक्तीच्या मूळ इंजिनाला दीड इंची एचएस४ची जोडी पुरेशी आहे. कॅमशाफ्ट मूळचा असेल तर पावणेदोन इंची एचएस६ बसवण्याच्या फंदात पडू नये.

आता कामाचा क्रम. कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी जुळवायचा असतो, आणि या एका गोष्टीवर मी अडून बसतो, कारण माझ्याकडे मिश्रणाची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांचा दोष डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, कंडेन्सर किंवा व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये निघाला आहे. आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन थंड असताना टॅपेटचा गॅप ०.०१५ इंच ठेवावा, प्लगचा ०.०२५ इंच, पॉइंटचा ०.०१४ ते ०.०१६ इंच. आपल्या पाच बेअरिंगच्या इंजिनाचे टायमिंग, गाडी बंद असताना, १० अंश पुढे असते. त्यानंतर स्ट्रोबच्या (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या) दिव्याने व्हॅक्युमची नळी काढून फेरे वाढवत न्यावेत आणि एकूण टायमिंग ३२ अंशांच्या पलीकडे जात नाही ना, हे पाहावे. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजला असेल तर दिव्याखाली खूण थरथरताना दिसते. हे सगळे जागेवर येईपर्यंत एसयूच्या नटाला हात लावू नये.

खोक्यातल्या कार्ब्युरेटरचे थ्रॉटल स्पिंडल प्रथम बोटांनी वरखाली हलवून पाहावे. साठ वर्षांत स्पिंडल आणि बॉडी दोन्ही झिजतात, तिथून फुकटची हवा आत येते, आणि मग आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही. अशी खेळ असलेली बॉडी नुसते नवे स्पिंडल घालून सुधारत नाही. भोक मोठे करून त्यात बुश बसवून घ्यावे लागते आणि ते एका रेषेत यावे यासाठी हे काम लेथ असलेल्या माणसाकडेच द्यावे. पाकळीचे दोन स्क्रू चिरलेल्या टोकांचे असतात. बसवल्यावर ती टोके फाकवायला विसरू नये, कारण सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. सुई, जेट, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी झडप), फ्लोट (ती झडप उघडझाप करणारा तरंगता भाग) हे सारे नवे घ्यावे. एसयूचे सुटे भाग आजही सॅलिसबरीत नव्याने तयार होतात, त्यामुळे जुन्या भागांची डागडुजी करत बसण्याचे कारण नाही.

पिस्टन आणि त्याची घंटेच्या आकाराची टोपी, म्हणजे सक्शन चेंबर, ही जोडी कारखान्यात एकमेकांसाठी निवडलेली असते, म्हणून दोन्ही कार्ब्युरेटर एकाच वेळी उघडून भाग मिसळू देऊ नयेत. चेंबर आतून स्पिरिटने पुसावा, त्यावर पॉलिश पेपर कधीही घासू नये. सुईचा खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठाशी अगदी समपातळीत बसवावा. जेट मध्यावर आणण्यासाठी त्याचा लॉकनट सैल करावा, जेट पूर्ण वर ढकलावा, पिस्टन वरून अलगद दाबून बसवावा आणि तसाच धरून लॉकनट आवळावा. नंतर पिस्टन बोटाने उचलून सोडला की धातूवर धातू आपटल्याचा स्वच्छ ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज दबका आला तर सुई जेटला घासते आहे, मग पुन्हा पहिल्यापासून. हे काम कधी पाच मिनिटांत होते, कधी अर्धा दिवस खाते. घाई करून उपयोग नाही.

फ्लोट चेंबरचे झाकण उलटे धरले असता फ्लोटचा दांडा आणि झाकणाची कड यांत १/८ ते ३/१६ इंच अंतर असावे. पेट्रोलची पातळी जास्त राहिली तर मिश्रण कायम जाड राहते, आणि नीडल व्हॉल्व्ह अडकला तर पेट्रोल ओसंडून वाहते. बी-सिरीजमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या नेमका खाली आहे. म्हणून फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लोच्या दोन बारीक नळ्या आणि मधला उष्णतारोधक पत्रा या गोष्टी शोभेच्या नाहीत. खोक्यात त्या नसतील तर आधी मागवाव्यात आणि मगच गाडी सुरू करावी. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे बदलावेत, आणि घेताना आर९ दर्जाचेच घ्यावेत, कारण ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने आतून सुटते.

पॅकिंगबद्दल एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एमजीबीचे दोन्ही कार्ब्युरेटर मी नव्याने बांधले. आयडलिंग सुरेख होते, पण चढावर गाडी ओढतच नव्हती. दोन दिवस मी सुया बदलत राहिलो. शेवटी एअर फिल्टर उघडल्यावर दिसले की मागच्या कार्ब्युरेटरचे फिल्टरकडचे पॅकिंग मीच उलटे बसवले होते. कार्ब्युरेटरच्या तोंडावर हवेच्या मुख्य भोकाशेजारी दोन लहान छिद्रे असतात. पिस्टनच्या खालच्या बाजूला त्यांतून बाहेरची हवा पोहोचते आणि तीच त्याला वर उचलते. उलट्या पॅकिंगने ती झाकली गेली होती. आपण बाजारातले गोल स्पोर्ट्स फिल्टर बसवणार असाल तर त्यांच्या पत्र्याची भोकेही या छिद्रांशी जुळतात का, ते हातात धरून तपासावे.

आता दोघांची जुळणी. इंजिन पूर्ण गरम करावे, फिल्टर काढावेत, दोन्ही स्पिंडलना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करावेत आणि चोकची केबल मोकळी आहे याची खात्री करावी. सुरुवातीला दोन्ही जेट कार्ब्युरेटरच्या पुलाशी (हवेच्या वाटेतला, जेट ज्यात बसतो तो उंचवटा) समपातळीत आणून नट १२ बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली घ्यावेत. मग हवेची जुळणी: एका रबरी नळीचे टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हीकडची शीळ ऐकावी आणि आयडलिंगचे स्क्रू फिरवून ती सारखी करावी. हवा मोजण्याचे मीटर माझ्याकडेही आहे, तरी मी शेवटची खात्री नळीनेच करतो; कोल्हापूरच्या आमच्या मिस्त्रींनी कुठून हवा चोरली जाते ते ओळखायला मला हीच सवय लावली होती.

मिश्रणासाठी कार्ब्युरेटरच्या खालची उचलपिन वापरावी. पिस्टन जेमतेम १/३२ इंच वर उचलला असता इंजिनाचे फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण जाड आहे, नट वर घ्यावा. इंजिन लगेच बसू लागले तर पातळ आहे, नट खाली घ्यावा. किंचित वाढून पुन्हा पूर्वपदावर आले तर बरोबर आहे. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवावी आणि प्रत्येक वेळी एक्सलरेटर एकदा उघडून सोडावा. एका कार्ब्युरेटरचे मिश्रण बदलले की दुसऱ्याच्या जुळणीवरही परिणाम होतो, म्हणून हवा आणि मिश्रण यांच्या दोन-तीन आवर्तनांची तयारी ठेवावी. क्लॅम्प आवळताना दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी उघडायला लागतील हे पाहावे आणि १,५०० फेऱ्यांवर शीळ पुन्हा ऐकावी, कारण आयडलिंगला जुळलेली जोडी किंचित उघडल्यावर विषम होणे हा या गाडीचा नेहमीचा दोष आहे. डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनच्या पोकळ दांड्यात, एसएई २० तेल घालावे. डॅम्पर (पिस्टनची उडी मंद करणारा छोटा दट्ट्या) घालताना त्याचा आट्याचा भाग चेंबरच्या सुमारे पाव इंच वर असतानाच विरोध जाणवला तर पातळी योग्य आहे. तेल फार पातळ असेल तर एक्सलरेटर एकदम दाबल्यावर पिस्टन झटकन उडतो आणि गाडी क्षणभर दचकते.

इथवर झाली ती दुरुस्ती. खरी सुधारणा सुईत आहे. नट फिरवून आपण फक्त सुरुवात ठरवतो. मधली चाल आणि पूर्ण वेग सुईच्या निमुळतेपणावर अवलंबून असतो. आपल्या इंजिनाला कारखान्याने ५ क्रमांकाची सुई दिली होती, जाड मिश्रणासाठी ६ आणि पातळसाठी २१. स्प्रिंग लाल खुणेची, साडेचार औंसांची. दोन्हीकडे तीच आहे ना, हे आधी पाहावे, कारण जुन्या खोक्यांत दोन वेगळ्या स्प्रिंग मी अनेकदा पाहिल्या आहेत. सुईची जाडी दर १/८ इंचावर मोजतात, आणि इथे इंचाचा हजारावा भाग किती मोठा असतो हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. जेटचे भोक ०.०९० इंच. समजा सुई एका जागी ०.०८३ इंच आहे, ती ०.०८२ केली तर भोवतालची पेट्रोलची वाट सुमारे १३ ते १४ टक्क्यांनी वाढते. पुढे जिथे सुई ०.०७० इंच आहे तिथे तोच एक हजारावा भाग कमी केला तर वाढ फक्त ४ टक्क्यांची होते. म्हणजे सुईचा वरचा, आयडलिंग आणि हलक्या चालीचा भाग अतिशय नाजूक असतो, आणि खालच्या भागात थोडी मोकळीक असते.

हे गणित इथेनॉलसाठी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.१, आणि भारतात आता सर्रास मिळणाऱ्या २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५. सुई तीच ठेवली तर इथे ब्रिटनमध्ये मिश्रण सुमारे ४ टक्क्यांनी पातळ होते, आणि पुण्या-मुंबईत अशी जुनी गाडी सांभाळणाऱ्याचे जवळपास दुप्पट. इथे आपल्याकडे कमी इथेनॉलचे सुपर पेट्रोल मिळते, ते वापरावे आणि ५ क्रमांकापासूनच सुरुवात करावी. मोकळे फिल्टर किंवा मोकळा एक्झॉस्ट बसवणार असाल तर ६ क्रमांकाची जोडीही हाताशी ठेवावी.

निर्णय मात्र मोजून घ्यावा. एक्झॉस्टचे दोन्ही पाइप जिथे एक होतात त्याच्या पुढे लॅम्डा सेन्सरसाठी (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारे साधन) एक बॉस, म्हणजे आट्याची बैठक, वेल्ड करून घ्यावा. काम संपल्यावर तिथे बूच लावता येते. आयडलिंगला १३ ते १३.५, सपाट रस्त्यावरच्या सावकाश चालीत १४ ते १४.५ आणि पूर्ण एक्सलरेटरवर १२.५ ते १३ हे हवा-पेट्रोलचे प्रमाण मला या इंजिनाला मानवलेले दिसते. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक येत असेल तर नट फिरवू नये, सुई बदलावी. हवी तशी सुई तयार मिळत नसेल तर मी ती ड्रिलच्या चकमध्ये धरून अतिशय बारीक एमरीने घासतो आणि मायक्रोमीटरने दर १/८ इंचाला मोजतो. घासलेली सुई पुन्हा जाड करता येत नाही, म्हणून एका बैठकीत अर्ध्या हजाराव्या भागापलीकडे जाऊ नये आणि दोन्ही सुया तंतोतंत सारख्या ठेवाव्यात. प्लग काढून पाहिले तर बाहेरच्या दोन सिलिंडरांचा आणि आतल्या दोहोंचा रंग थोडा वेगळा दिसेल. तो त्या जोडतोंडांचा परिणाम आहे, त्याच्या मागे लागू नये.

याखेरीज एकच बदल मला मोलाचा वाटतो. फिल्टरच्या आत, कार्ब्युरेटरच्या तोंडावर गोल कडेचा छोटा कर्ण्यासारखा भाग बसवला की तीक्ष्ण कडेवर हवेची होणारी खळबळ कमी होते. तो स्वस्त आहे, बाहेरून दिसत नाही, आणि नको असल्यास दहा मिनिटांत काढता येतो. त्यानंतर वरच्या वेगात सुई पुन्हा तपासावी लागते, एवढेच.

वेबर आणि त्याचा मॅनिफोल्ड विकू नका. पेट्रोल पूर्ण काढून, तोंडे बंद करून ठेवा. पुढे कधी कॅमशाफ्ट बदललात तर त्याचा विचार पुन्हा करता येईल. एसयू बसवल्यावर दोनशे-तीनशे मैलांनी मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर एकदा आवळावेत, डॅशपॉटचे तेल पाहावे, आणि तोपर्यंत मिश्रणाच्या नटांना हात लावू नये.